रेस्टचा आवाज: खरखर वेगळी, टक्क वेगळं

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांची १६ वर्षांची लेक दोन वर्षांपासून तिरंदाजीत कंपाउंड खेळते, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेलं धनुष्य, बो. बो वापरलेला घेतलाय आणि त्यावर ड्रॉप-अवे रेस्ट आहे. रेस्ट म्हणजे बाण टेकवायचा आधार, आणि ड्रॉप-अवे म्हणजे बाण सुटताच जिचा लॉन्चर, बाण पेलणारा दोन दांड्यांचा चिमटा, खाली पडतो ती. ड्रॉ करताना, म्हणजे दोरी ओढताना, खरखर ऐकू येते आणि रिलीजनंतर, म्हणजे बाण सोडल्यावर, टक्क असा आवाज येतो. त्यांनी काही अमेरिकी व्हिडिओ बघितले आणि लॉन्चरवर, खालच्या शेल्फवर (लॉन्चरखालच्या कट्ट्यावर), रायझरच्या (बोच्या मधल्या सांगाड्याच्या) आतल्या बाजूला, जिथे बोट पोचलं तिथे फेल्ट चिकटवलं. आवाज निम्म्यावर आला. पण त्याच आठवड्यापासून ५० मीटरवरचे बाण पसरायला लागले. आता रेस्ट बदलावी का, असं ते विचारतात.

रेस्ट बदलू नका. आधी लॉन्चरवरचं फेल्ट काढा, शक्य असेल तर आज संध्याकाळीच. शेल्फवरचं तूर्त राहू द्या, त्याकडे नंतर येतो.

तुमचं कुठे चुकलं ते समजून घ्यायला आधी ते व्हिडिओ कोणासाठी असतात ते पाहावं लागेल. अमेरिकेत कंपाउंड मुख्यतः हरणाच्या शिकारीला वापरतात. २८० फूट प्रति सेकंद, म्हणजे साधारण ८५ मीटर प्रति सेकंद वेगाचा बाण २० मीटरवर पोचायला पाव सेकंदाला जरा कमी वेळ घेतो. आवाज तिथे त्याच्या चौथाई वेळात पोचलेला असतो. उरलेल्या वेळात हरीण दबकतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून शिकाऱ्याला आवाजच नकोसा असतो, मग तो कुठून का येईना. ड्रॉ करतानाची खरखर तर त्याला त्याहून नकोशी, कारण तेव्हा जनावर शांत उभं असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न नाही, आणि लेकीसमोरचा ८० सेंटीमीटरचा कागद दचकत नाही. आपल्याला आवाजाचा त्रास वेगळ्या कारणानं व्हायला हवा. आवाज येतोय तिथे काहीतरी घासतंय, आपटतंय किंवा सैल आहे, आणि ते बाणाच्या वाटेत असेल तर गुण जातात. फेल्टनं तुम्ही आवाज बुजवलात, ते आपटणं मात्र तसंच राहिलं. वर फेल्टनं स्वतःची आणखी एक भानगड आणली.

ती भानगड अशी. एक मिलिमीटर जाडीचं फेल्ट लॉन्चरवर बसलं की बाण एक मिलिमीटर वर उचलला जातो. नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची जागा, होती तिथेच राहते, म्हणजे बाणाचा कल बदलला. एवढंच असतं तर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, हलवून भागलं असतं. पण फेल्ट दबतं. लॉन्चरच्या दोन बाजूंपैकी एक जास्त दबते, दमट हवेत फुगतं, बाणाच्या घासण्यानं त्याचे तंतू निघतात. सकाळच्या पहिल्या एंडला (बाणांच्या फेरीला) बाण जिथे टेकत होता, तिथे तो अकरा वाजता टेकत नाही. बाण पसरले ते यामुळे. शेल्फवर जाड फेल्ट असेल तर तिसरी गंमत होते: लॉन्चर पूर्ण खाली पडतच नाही, दोनतीन मिलिमीटर वरच अडकतो. टार्गेटच्या बाणांना मागे जे बुटके पंख असतात, त्या वेनची उंचीच मुळात पाच ते दहा मिलिमीटर असते. तिला तेवढा अडथळा पुरतो.

आता मूळ आवाजाकडे. डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं दुखतंय म्हणून भागत नाही. ठणकतंय, सलतंय, चुरचुरतंय की कळ येतेय ते सांगावं लागतं. या आवाजांचंही तसंच आहे. माझ्याकडे मुलं बो घेऊन येतात आणि 'सर, आवाज येतोय' म्हणतात. मी विचारतो, खरखर, टक्क, टिंग, झणझण की खुळखुळ? पहिल्यांदा हसतात. मग दोन बाण मारतात आणि शब्द नेमका सापडतो, आणि निम्मं काम तिथेच होतं. तुम्ही खरखर आणि टक्क हे शब्द आपणहून वापरलेत, म्हणून हे उत्तर इतकं सविस्तर लिहिता येतंय. हे दोन आवाज दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच फेल्टनं दोन्ही बरी होणार नाहीत.

तपासणीला बसण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा. 'रेस्ट कशी उठते ते बघू' म्हणून बाण न लावता बो ओढायचा नाही. ओढलेली दोरी रिकामी सुटली तर बाणात जायची ती सगळी ताकद लिंब (बोचे वरखालचे लवचीक हात) आणि कॅममध्ये उलटते. लिंब चिरतात, दोरी कॅमवरून उतरते, तुकडे तोंडावर येऊ शकतात. तपासणीसाठी का होईना, बाण लावलेला असावा, बट, म्हणजे बाण अडवणारा जाड गठ्ठा, समोर दोनतीन मीटरवर असावं, आणि ड्रॉ लेकीनंच करावा. तुम्ही बाजूला उभे राहून बघा आणि ऐका. नेम धरणाऱ्याच्या कानाला सगळे आवाज एकाच जागेहून आल्यासारखे वाटतात. बाजूच्या माणसाला ते वेगळे ऐकू येतात.

दुसरं, आवाज खरोखर रेस्टचाच आहे का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा प्रकार या बाबतीत मी इतक्या वेळा पाहिलाय, आणि स्वतः केलाय, की आता रेस्टला हात लावायच्या आधी दहा मिनिटं बाकीच्या बोवर घालवतो. बो डाव्या हातात सैल धरा आणि रायझरवर मुठीच्या मऊ बाजूनं हलकेच ठोका. जे सैल असेल ते झणझणतं. मग साइट, पीप (दोरीतलं नेमाचं भोक), स्टॅबिलायझरची (तोल सांभाळणाऱ्या दांड्याची) वजनं, क्विव्हरचा (भात्याचा) ब्रॅकेट असेल तर तो, केबल गार्ड (केबल बाजूला धरणारा दांडा), स्ट्रिंग स्टॉप (सुटलेली दोरी थांबवणारा दांडा) यांवर एकेक करून बोट दाबून धरा आणि पुन्हा ठोका. ज्यावर बोट ठेवल्यावर झणझण थांबते, तो चोर. दहापैकी बऱ्याच वेळा तो स्टॅबिलायझरच्या टोकाचा वजनाचा गोळा निघतो आणि रेस्ट बिचारी उगाच बदनाम झालेली असते.

बाणही तपासा. आवाज प्रत्येक बाणाला येतो की एखाद्यालाच? बाणांवर नंबर असतीलच, नसतील तर आजच घाला. एकदा एका मुलाचं टक्क शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली, आणि ते १२ पैकी फक्त ७ नंबरच्या बाणाला येत होतं. आतलं इन्सर्ट, म्हणजे बाणाचं टोक ज्यात बसतं ती नळी, गोंदातून सुटलं होतं. बाण कानाशी धरून हलवला तर खुळखुळायचा. एखादा कार्बन बाण वाकवताना आणि पिळताना करकर करत असेल, तर तो मोडून टाका. बाजूला ठेवाल तर कोणीतरी मारेल, आणि चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर चिपा हातात घुसतात. आणि बाण फार हलका तर नाही ना? ड्रॉच्या जोराच्या प्रत्येक पौंडामागे किमान ५ ग्रेन वजन असावं असा जुना दंडक आहे. ४८ पौंडांचा बो असेल तर २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास. त्याहून हलका बाण बोची सगळी ताकद घेऊन जात नाही. उरलेली रायझरमध्ये फिरते आणि सगळंच वाजतं.

हे सगळं करून आवाज रेस्टवरच आला असं धरू.

खरखर सोपी आहे. बाणाचा कार्बनचा दांडा धातूवरून किंवा कडक प्लास्टिकवरून अर्धा-पाऊण मीटर घासत जातो, त्याचा तो आवाज. बाण नुसता हातात घेऊन लॉन्चरवरून मागेपुढे सरकवा, बो ओढायचीही गरज नाही. तसाच आवाज आला तर निदान झालं. पण इलाज करण्याआधी बाण पुसून पुन्हा करून बघा. फोमच्या बटमध्ये बाण शिरतो तेव्हा घर्षणाच्या उष्णतेनं फोमचा पातळ चिकट थर दांड्याच्या पुढच्या भागावर बसतो. डोळ्याला दिसत नाही, नख फिरवलं की कळतो. उन्हाळ्यात जास्तच. अशा बाणाची खरखर नसते, किरकिर असते, आणि तिला लॉन्चरवर काहीही चिकटवून उपयोग नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन दांडा पुसा. वेनच्या गोंदाला ते लागू देऊ नका. लॉन्चरही त्याच फडक्यानं पुसा, काळा कार्बन निघेल. कित्येकांचं काम इथेच संपतं.

एवढं करूनही खरखर राहिली तर लॉन्चरच्या दोन्ही दांड्यांवर हीट श्रिंक नळी चढवा, गरम केली की आवळणारी, वायरमन जोडावर चढवतो तीच. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि कुठल्याही तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. लॉन्चरच्या दांड्यावर जेमतेम सरकेल इतक्या मापाची आणि पातळ भिंतीची घ्या. लॉन्चर बोवरून सुटा करा, मगच गरम करा. हे वाक्य दोनदा वाचा. बोच्या दोरीचे धागे उष्णतेला फार नाजूक असतात. रेस्ट जागेवर ठेवून लायटर लावणारा एक जण मला माहीत आहे, आणि त्याची खर्चाची यादी नव्या केबलपासून सुरू झाली. नळी फेल्टपेक्षा चांगली, कारण ती दबत नाही, भिजत नाही, दोन्ही दांड्यांवर सारखीच जाडी देते आणि तिचे तंतू निघत नाहीत. आवाज फेल्टइतका मरत नाही हे खरं. ड्रॉमधल्या थोड्या आवाजानं गुण जात नाहीत, तेव्हा तेवढ्यावर समाधान माना.

आता टक्क. इथे घाई करायची नाही, कारण टक्क दोन प्रकारचं असतं आणि कानाला दोन्ही सारखंच वाटतं. पहिल्या प्रकारात लॉन्चर खाली पडून शेल्फवर किंवा स्वतःच्या स्टॉपरवर आपटतो. हे निरुपद्रवी. दुसऱ्यात मागून येणारी वेन लॉन्चरला थडकते. हे मात्र महागात पडतं. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला. त्याच दिवशी साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी १४९-१४७ अशी विश्वविजेती झाली. १५ बाण, आणि फरक एक-दोन गुणांचा. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटर व्यासाचं असतं. वेन थडकलेला बाण कुठे जाईल याला काही नियम नाही. चार बाण दहात आणि पाचवा आठात, असं झालं की मुलं स्वतःच्या रिलीजला दोष देत बसतात.

दोन्हींतला फरक कान सांगणार नाही आणि मोबाइलही फारसा सांगणार नाही. मोबाइलचा स्लो मोशन सहसा सेकंदाला २४० चित्रं घेतो. ८५ मीटरच्या वेगानं दोन चित्रांमध्ये बाण ३५ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. वेन लॉन्चरपाशी असतानाचं चित्र मिळणं नशिबाचा भाग. लॉन्चर पडून पुन्हा उसळी घेतो का, एवढं मात्र त्यात दिसतं, आणि ते बघण्यासारखं असतं.

खरा साक्षीदार घरातली जुनी लिपस्टिक. लॉन्चरच्या वरच्या कडांना आणि आतल्या बाजूंना तिचा पातळ थर द्या, शेल्फलाही एक रेघ ओढा, आणि दोनतीन मीटरवरून बाण मारा. तीन बाण मारून प्रत्येकाच्या वेन बघा. लिपस्टिक नसेल तर टाल्कम पावडर ओल्या बोटानं वेनवर लावा. जिथे घासेल तिथली पुसली जाईल. डाग पडले तर थडक आहे. वेन स्वच्छ असतील तर टक्क लॉन्चरच्या आपटण्याचं आहे. ही चाचणी तुमची लेक हसत हसत करेल, पण लिपस्टिक आईला विचारून घ्या.

डाग पडले असं धरू. मग कॉर्ड बघा, म्हणजे रेस्टमधून निघून बोला बांधलेली ती बारीक दोरी. ती केबलला (कॅमना जोडणाऱ्या, दोरीमागच्या दोरांपैकी एकाला) बांधलीय की लिंबला? केबलला असेल तर ड्रॉ करताना केबल सरकते आणि लॉन्चरला वर ओढते. बाण सुटला की ओढ संपते आणि लॉन्चर पडतो. लिंबला असेल तर उलटं: एरवी कॉर्ड ताणलेली असते आणि लॉन्चरला खाली धरून ठेवते, ड्रॉमध्ये लिंब वाकले की ती सैल पडते, स्प्रिंग लॉन्चरला वर करते, आणि सुटताना लिंब त्याला पुन्हा खाली खेचतात.

केबलवाल्या प्रकारात कॉर्ड आखूड असेल तर लॉन्चर फार लवकर उठतो, पुढची सगळी ओढ कॉर्डवर आणि स्प्रिंगवर पडते, आणि सुटताना तो उशिरा पडतो. वेन येऊन थडकते. कॉर्ड लांब असेल तर लॉन्चर पूर्ण उभाच राहत नाही, आणि बाण तिरका निघतो. साधा अंदाज असा, की ड्रॉच्या शेवटच्या इंच-दीड इंचात लॉन्चर पूर्ण उभा व्हावा. रेस्टसोबतच्या कागदात वेगळं माप दिलं असेल तर ते पाळा. लेकीला सावकाश ड्रॉ करायला सांगा, तुम्ही बाजूनं बघा. वापरलेल्या बोच्या बाबतीत मला इथेच संशय आहे. आधीच्या मालकानं दोरी-केबल बदलल्या असतील, नव्या केबल सुरुवातीच्या काही शे बाणांत ताणल्या असतील, किंवा कॉर्ड केबलवरून पाच मिलिमीटर घसरली असेल. या पाच मिलिमीटरचं तुमचं टक्क असावं. कॉर्ड जागेवर आणली की केबलवर तिच्या वर आणि खाली कायम मार्करनं ठिपके द्या. घसरली तर लगेच दिसेल.

लिंबवाल्या प्रकारात वेळ चुकण्याचं प्रमाण कमी, पण कॉर्ड गरजेपेक्षा जास्त ताणली असेल तर लॉन्चर दर बाणाला घणासारखा आपटतो. थोडी ढील द्या, लॉन्चर खाली पूर्ण टेकलेला राहील इतकीच.

वेळ बरोबर असून डाग पडत असेल तर नॉक, म्हणजे बाणाच्या मागची दोरीत अडकणारी खाच, फिरवा. थोडी थोडी फिरवत जा आणि दर वेळी लिपस्टिक पुन्हा लावून बघा. कुठल्यातरी कोनात खालच्या दोन वेन लॉन्चरच्या दांड्यांतून बिनबोभाट जातात. तो कोन सापडला की सगळ्या बाणांना तोच. यात एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

डाग पडलेच नाहीत, तर आता फेल्टची पाळी. लॉन्चर जिथे टेकतो तेवढ्याच जागेवर, शेल्फवर, पातळ फेल्ट किंवा वेल्क्रोची मऊ बाजू. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे स्वरांच्या पट्ट्यांखाली घालायचं फेल्ट असतं, ते घट्ट आणि पातळ असतं. बोच्या दुकानातल्या महागड्या पाकिटापेक्षा मला तेच आवडतं. शेल्फ आधी स्पिरिटनं पुसा. तुकड्याचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा आधी उचलला जातो. चिकटवून रात्रभर ठेवा. मग लॉन्चर हातानं खाली दाबून बघा: पूर्ण बसतो ना? आणि लिपस्टिकची चाचणी पुन्हा करा, कारण आपण शेल्फची उंची बदलली. ड्रॉ करून बाण न मारता परत आणताना शेल्फवर बाण पडून जो ठक् आवाज येतो, तोही याच तुकड्यानं मरतो.

गोंदाबद्दल एक आठवण सांगतो, म्हणजे 'रात्रभर' का म्हणालो ते कळेल. पंधराएक वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका मे महिन्यातल्या स्पर्धेत मी स्वतः ब्लेडवर, म्हणजे पोलादाच्या पातळ पट्टीच्या रेस्टवर, दुहेरी चिकटपट्टीनं मऊ कापड लावून उतरलो होतो. कानाला गोड वाटत होतं म्हणून, दुसरं काही कारण नाही. चौथ्या एंडला गोंद पातळ झाला, कापड सरकलं, आणि पूर्ण ड्रॉवर असताना बाण हळूहळू डावीकडे कलताना मला दिसला. एकास एक सामन्यात सामान बिघडलं म्हणून जादा वेळ मिळत नाही. मी कापड नखानं ओरबाडून काढलं आणि उरलेले बाण उघड्या ब्लेडवर मारले. ते बरे गेले, हे जास्त लागलं. उन्हाळ्यात गोंद वितळतो आणि पावसाळ्यात फेल्ट पाणी पितं. जून ते सप्टेंबर ते तुकडे महिन्या-दीड महिन्यानं बदलायचे हे धरूनच चाला. आणि बो बंद गाडीत उन्हात ठेवू नका, पण ते तुम्हाला ठाऊक असणार.

ब्लेडचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. टार्गेटवर अनेक नामांकित खेळाडू ड्रॉप-अवे वापरत नाहीत. ते स्प्रिंग स्टीलचं पातळ ब्लेड वापरतात, टोकाला छोटा खाचा असलेलं. हलणारा भाग नाही, कॉर्ड नाही, वेळ चुकायचा प्रश्न नाही. जाडी ०.००८, ०.०१० किंवा ०.०१२ इंच, बाण जितका जड तितकं जाड ब्लेड, आणि कोन साधारण ३० ते ३५ अंश. त्याचा सुटतानाचा टिंग हा त्याचा स्वभाव आहे, पट्टी टेबलाच्या कडेला धरून टिचकी मारल्यासारखा. त्याला हीट श्रिंक चढवू नका, ब्लेडची लवचीकताच बदलते. गरम तर अजिबात करू नका, पोलादाचं पाणी उतरतं. ब्लेडची खरखर असेल तर खाच्याच्या कडा २००० नंबरच्या वॉटर पेपरनं अगदी हलक्या हातानं गुळगुळीत करा. कार्बन पोलाद खातो. काही महिन्यांनी खाच्यात चर पडलेली दिसली की ब्लेड टाकून द्या. लेक मोठ्या गटात जाईल तेव्हा ब्लेडचा विचार करा. आत्ता नको, एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशानं काय झालं ते कळणार नाही.

रेस्टच्याच स्क्रूंची झणझण असेल तर ते पटकन सुटतं, पण चावीत फसू नका. बोवरचे बहुतेक स्क्रू इंचाच्या मापाचे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटरच्या ॲलन की मिळतात. ५/३२ इंचाच्या स्क्रूला ४ मिलिमीटरची चावी चालून जाते, ५/६४ ला २ ची. पण १/८ ला ३ मिलिमीटरची चावी सैल बसते, दोन वेळा फिरवली की खाचेचे कोपरे गोल, आणि मग तो स्क्रू कोणालाच निघत नाही. इंचाचा एक संच विकत घ्या, आयुष्यभर पुरतो. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर एक थेंब, लाल नाही. लाल लावलेला स्क्रू काढायला उष्णता द्यावी लागते आणि उष्णतेचं वर बोललोच आहे. कसून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून रायझरपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू हलला.

रेस्ट किंवा लॉन्चर सोडण्याआधी तिची जागा नोंदवून ठेवायला विसरू नका: वरून आणि बाजूनं फोटो, आणि रायझरच्या आतल्या भिंतीपासून बाणाच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्निअरनं. बऱ्याच बोंवर ते २० मिलिमीटरच्या आसपास निघतं, पण तुमचं जे असेल ते खरं. हीट श्रिंक चढवल्यावर बाण अर्ध्या मिलिमीटरनं का होईना वर आलेला असतो. लॉन्चर तेवढा खाली घ्या, दोन मीटरवरून पेपर टेस्ट करा, म्हणजे ताणलेल्या कागदातून बाण मारा, फाटलेलं भोक सरळ येईपर्यंत. त्यानंतर १८ मीटरवर बाण किती जवळजवळ लागतात ते बघा आणि शेवटी ५० ला जा. थेट ५० ला जाऊन साइट फिरवत बसलात तर जुनी चूक साइटमध्ये झाकली जाते.

तुमच्यासाठी क्रम असा धरतो: आज लॉन्चरवरचं फेल्ट काढणं आणि बाण पुसणं, उद्या लिपस्टिक, मग कॉर्ड. हीट श्रिंक सगळ्यात शेवटी. कॉर्डनंतर टक्क गेलं आणि खरखर राहिली, तर स्पर्धेच्या आठवड्यात तिला हात लावू नका. टक्क तसंच राहिलं, तर कॉर्ड केबलला होती की लिंबला, आणि डाग तीनपैकी कुठल्या वेनवर, तिच्या कुठल्या बाजूला पडला, एवढं लिहून कळवा. फोटो नसला तरी चालेल.